रंगावलीत न सोडलेल्या गोळ्या

मला टीबी झाला होता आणि मी त्यातून बरी झाले. कशी बरी झाले, हे मी माइक हातात घेऊन लोकांना दोनदा सांगितलं. पहिल्यांदा खोटं सांगितलं, तेव्हा अख्खा मंडप रडला. दुसऱ्यांदा खरं सांगितलं, तेव्हा माझी सख्खी आई उठून निघून गेली.

हे लिहून काढायला मला आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं. "तुमच्यासारख्या बायकांना वाचून दाखवता येईल," म्हणाली. माझ्यासारख्या म्हणजे कशा, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. देवाने संकटातून कसं तारलं असं काही गोड वाचायला बसला असाल तर इथेच थांबा. तसलं मी एकदा सांगून चुकले आहे. ते भोगलं माझ्या धाकट्या बहिणीने.

घरी आम्ही मावची बोलतो, आमची आदिवासी बोली. चर्चमध्ये मराठी. शास्त्र मराठीत, गीतं मराठीत, म्हणून देवाशी बोलायचं तेही मराठीत, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मी मराठीतच लिहिते. माइकवर जे बोलले होते तेही मराठीतच होतं. मावचीत मला इतकं सफाईने खोटं बोलता आलं नसतं.

खोकला

नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत मी कामाला आहे. अंडी निवडायची, फुटकी बाजूला काढायची, ट्रे भरायचे. शेडमध्ये पिसांची आणि भुशाची धूळ इतकी की तिथे सगळेच खोकतात. माझा खोकला महिनाभर त्यात खपून गेला. अंग बारीक झालं तर बायका म्हणाल्या, "रमिला, बारीक झालीस, बरी दिसतेस आता." मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी मात्र ते खपलं नाही. चर्चमध्ये बायकांची गीतं मी सांगते. मी ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी मागे म्हणायचं, असं बारा-तेरा वर्षं चाललेलं. त्या रविवारी तिसऱ्या कडव्याला मी वरचा सूर धरला आणि श्वासच तुटला. खोकला आला तो थांबेना. शेजारी एस्तेर, माझी धाकटी बहीण, खंजिरी वाजवत होती. तिने पटकन आपला पदर माझ्या तोंडाला लावला. पदर काढला तर त्यावर रक्त. तिने तो मुठीत गोळा केला आणि दुसऱ्या हाताने खंजिरी चालूच ठेवली, कोणाला कळू नये म्हणून.

चार दिवसांनी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी कागदाकडे बघतच सांगितलं, "टीबी आहे. सहा महिने गोळ्या. एक दिवसही चुकवायची नाही."

मी विचारलं, "साहेब, मला गाता येईल ना?"

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "आधी नीट श्वास घ्या, मग बघू," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर बाकड्यावर मी ढसाढसा रडले. मरायची भीती होतीच, पण त्याहून जास्त वाटत होतं की आता मंडळीत आपल्या शेजारी कोण बसणार. एस्तेर म्हणाली, "मी बसेन. अजून कोण पाहिजे तुला?"

एस्तेर

आम्हाला मूलबाळ नाही. माझा नवरा याकोब पोल्ट्रीचीच पिकअप चालवतो, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. म्हणून एस्तेर माझ्याकडे येऊन राहिली. तिचा नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, सणावाराला येणारा. ती माहेरीच, आईजवळ असायची. पाच वर्षांची लेक रूथ हिला तिने आईकडे ठेवलं आणि माझं भांडं, माझं अंथरूण, माझी थुंकी सगळं तिने केलं. तोंडाला रुमाल बांध म्हटलं की म्हणायची, "गुदमरतं गं." मी दुसऱ्यांदा सांगायची नाही. मला तिचं तोंड बघायला आवडायचं.

गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी मोरीत मी किंचाळलेच. लघवी लाल! मला वाटलं, संपलं, आता खालूनही रक्त. एस्तेर धावत आली आणि पोट धरून हसायला लागली. "सिस्टरने सांगितलं होतं ना, या गोळीने लाल होते म्हणून! लक्ष कुठे होतं तुझं?" मग मीही हसले. आजारपणातलं तेवढंच एक हसू मला स्पष्ट आठवतं.

दवाखान्याची आशाताई रोज सकाळी गोळ्या घेऊन यायची. गोळी तोंडात टाकली की म्हणायची, "आता तोंड उघडा. जीभ वर करा." काही बायका गोळी गालात ठेवून नंतर थुंकतात म्हणे. मला त्याचा फार राग यायचा. मी चर्चमध्ये गीतं सांगणारी बाई, आणि मला तोंड उघडून दाखवायला लावते! एस्तेर मागून वेडावून दाखवायची, स्वतः जीभ काढून उभी राहायची.

दोन महिन्यांत माझं अंग भरलं, खोकला थांबला. आणि तिचा सुरू झाला.

तिची थुंकी तपासली. तोच रोग. मीच दिला, दुसरं कोण देणार? मी भिंतीला डोकं टेकून बसले तर ती म्हणते, "लहानपणापासून तुझंच जुनं घालत आले. आता हेही तुझंच." तीही गोळ्या घ्यायला लागली, आणि मी हिंडती-फिरती झाल्यावर माहेरी परत गेली. माझ्यापेक्षा तिची शिस्त चांगली, देवाची प्रार्थना करून, डोळे मिटून गिळायची.

साक्ष

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे तीन दिवसांची सभा भरते. भात कापून झालेल्या शेतात मंडप टाकतात, डोंगरातल्या पाड्यांवरून लोक येतात, मोठ्या पातेल्यांत वरण-भात शिजतो. संदेशाच्या आधी साक्षी होतात. ज्याला देवाने काही केलं असेल त्याने पुढे येऊन, माइक घेऊन, सगळ्यांसमोर सांगायचं. आमच्यात याला फार मान. चांगली साक्ष दिली की वर्षभर लोक तोंडावर नाव घेतात.

माझी साक्ष मी पाठ करून गेले होते. प्रभूने डॉक्टर दिले, गोळ्या दिल्या, बहीण दिली, म्हणून मी आज उभी आहे, अजून दोन-अडीच महिने गोळ्या आहेत, माझ्यासाठी आणि एस्तेरसाठी प्रार्थना करा. एवढंच. हे सगळं खरं होतं. आमच्या पास्टरांनी घरी येऊन मला बजावलं होतं, "गोळी गिळतानाही आभार मान, रमिला. तीही त्याचीच देणगी आहे." कोणी म्हणेल की पास्टरने बाईला भरीस घातलं, तर तसं काही नव्हतं. मला कोणी काही करायला लावलेलं नाही.

माझ्या आधी एका काकांनी साक्ष दिली. लकवा मारलेला हात प्रार्थनेत वर उचलला गेला म्हणाले आणि तो हात त्यांनी उचलून दाखवला. मंडप उठून उभा राहिला. मग माझं नाव पुकारलं. मी डॉक्टर, गोळ्या, थुंकी असं सांगायला लागले आणि बघते तर मागच्या बायका आपसात बोलतायत. एक जण पोराला भरवत होती. कोणी जांभई दिली. मरता मरता वाचले मी आणि ह्यांना जांभया येतात!

आणि ते वाक्य तोंडातून निघालं. "मग एके सकाळी प्रभू मला म्हणाला, मुली, तुझा भरवसा कोणावर आहे? आणि मी त्या सगळ्या गोळ्या रंगावलीत सोडल्या."

बोलणं थांबलं. पोराला भरवणाऱ्या बाईचा हात तसाच राहिला. त्या शांततेची चव मला अजून जिभेवर आहे, आणि ती गोड होती. मग मी थांबलेच नाही. नदीचं पाणी कसं होतं, गोळ्या कशा वाहत गेल्या, त्या दिवसापासून खोकला कसा गेला, सगळं सांगितलं. रडले. मला रडता यायचं. गीतं सांगणाऱ्या बाईला कुठे आवाज कापरा करायचा ते कळतं. मंडप "हालेलुया" करत उभा राहिला आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या आईचा होता. पास्टर एक क्षण माझ्याकडे नुसते बघत राहिले, मग त्यांनीही हात वर केले.

तिसऱ्या ओळीत एस्तेर होती. दोन्ही हात वर आणि डोळ्यांतून धारा.

परत येताना याकोबने मोटारसायकल रंगावलीच्या पुलाच्या अलीकडे थांबवली. "गोळ्या कधी सोडल्यास? सकाळी तर माझ्यासमोर घेतल्यास."

"साक्षीत असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

मी पदर डोक्यावर ओढून घेतला. त्याने किक मारली. नंतर त्याने ते परत कधी काढलं नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. मला दटावायचा हक्क असलेला तो एकटा होता.

दुसऱ्या दिवशी मी आशाताईला सांगितलं, घरी येत जाऊ नका, गोळ्या मला पोल्ट्रीवर द्या. शेडच्या मागे, फुटक्या अंड्यांच्या ढिगाजवळ मी त्या गिळायला लागले. इकडे तिकडे बघत, कोणी मंडळीतलं येत नाही ना ते बघत.

"साफ झाली"

सभा संपून चार-पाच दिवस झाले असतील. जेवणाच्या सुट्टीत एस्तेर पोल्ट्रीवर आली. चालत आलेली, घामाघूम, पण चेहरा असा उजळलेला की मला आधी वाटलं नवरा सुरतेहून आला.

"ताई, मीही सोडल्या."

"काय सोडल्या?"

"गोळ्या गं! पुलाखाली गेले, प्रार्थना केली आणि सगळ्या पट्ट्या पाण्यात. तू सोडल्यास तिथेच." मग जवळ येऊन कानात म्हणाली, "आणि ऐक. लघवी साफ झाली. पाण्यासारखी. लाल गेली सगळी. प्रभूने खूण दिली."

लाल गेली कारण गोळ्या गेल्या. हे मला कळत होतं, शाळेतल्या पोराला कळलं असतं. माझ्या पिशवीत, गीतांच्या वहीखाली, त्या दिवसाच्या गोळ्या होत्या. तिला बाजूला न्यायचं, पिशवी उघडायची, दाखवायचं. म्हणायचं, वेडे, मी खोटं बोलले, चल आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. एवढंच करायचं होतं.

मी म्हटलं, "प्रभूची स्तुती असो."

का म्हटलं, ते मी नंतर स्वतःला किती वेळा विचारलं. उत्तर फार साधं आहे आणि फार घाणेरडं आहे. त्या आठवड्यात तीन गावांतून मला प्रार्थनेला बोलावणं आलं होतं. बायका माझा हात आपल्या पोरांच्या डोक्यावर ठेवून घेत होत्या. ते मला सोडवेना.

आशाताईने तिच्या दारात चकरा मारल्या. एस्तेर तिला म्हणायची, "माझ्या बहिणीला विचारा." आशाताई माझ्याकडे आली. माझ्याच हातावर गोळी ठेवत म्हणाली, "रमिलाताई, तुमची बहीण ऐकत नाही हो. तुम्ही घेताय ते तरी तिला सांगा." मी म्हटलं, "सांगते." तोंड उघडून जीभ वर करून दाखवली.

नाताळला सांगायचं ठरवून माहेरी गेले. देवाची शपथ, ठरवून गेले होते. आईने दारातच मला मिठी मारली आणि ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांना म्हणाली, "माझ्या दोन्ही मुलींना प्रभूने हात लावलाय." एस्तेर चुलीशी बसून हसत होती. मी जेवले, गीतं सांगितली, रूथला घेऊन नाचले. मागच्या मोरीत गेले तेव्हा दोन तांबे पाणी ओतून आले. संध्याकाळच्या गाडीने परत.

जानेवारीत माझ्या गोळ्या संपल्या. साहेब म्हणाले, "बऱ्या झालात." त्याच महिन्यात एस्तेरचा खोकला परत आला.

वॉर्ड

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला ठेवलं तेव्हा ती हातात उचलण्याइतकी झाली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मधेच सोडल्यामुळे जंतू आता साध्या गोळ्यांना जुमानत नाही. जड औषधं सुरू करतोय. उशीर फार झालाय."

त्या जड औषधांनी तिला उलट्या व्हायच्या. कानात सतत आवाज येतो म्हणायची. सकाळी सहाला पलंग झाडायचे, सातला चहा, आठला गोळ्या, मग उलटी, मग ती धुवायची. नऊला साहेब यायचे आणि तिच्या पलंगाशी थोडंच थांबायचे. कुठल्या पलंगाशी साहेब किती थांबतात त्यावरून वॉर्डातल्या बायका कोण वाचणार ते ठरवायच्या. त्या कधी चुकायच्या नाहीत.

शेजारच्या पलंगावर तापीकाठच्या प्रकाशा गावाकडची एक आजी होती. चांगल्या घरची, शेतीवाडीची. सून डबा घेऊन यायची आणि दारातच ठेवून पळायची. आजीच्या उशाशी तापीच्या पाण्याची बाटली. रोज गोळी ती त्याच पाण्यासोबत घ्यायची. एकदा मला अहिराणीत म्हणाली, "तुन्ही बहिननी काब्र सोड्यात गोया?"

मी म्हटलं, "देवावर विश्वास होता तिचा."

आजीने बाटलीकडे बोट दाखवलं. "मन्हा बी शे. मी तापीमायनं पानी बी पेस, गोया बी खास. देवले काय राग येस का?" मग एस्तेरकडे बघून हळूच म्हणाली, "कोन्ही तरी सांगं व्हई तिले. आपला मनथून कोनी सोडत नही."

कोणीतरी सांगितलं असेल तिला. मी उठून नळावर गेले आणि धुतलेलंच भांडं परत धुत बसले.

त्या दुपारी मी एस्तेरला सांगितलं. धैर्य आलं म्हणून नाही. आजी कधीतरी तिलाच विचारेल आणि माझं नाव निघेल, या भीतीने सांगितलं. मावचीत सांगितलं. गोळ्या मी कधीच सोडल्या नव्हत्या, शेवटच्या दिवसापर्यंत घेतल्या, नदीवर गेलेच नव्हते.

ती छताकडे बघत होती. मला वाटलं ओरडेल, थुंकेल. माझी तीच इच्छा होती.

"मला माहीत होतं," म्हणाली.

"काय?"

"नाताळला. तुझ्यानंतर मी मोरीत गेले. तू पाणी ओतलं होतंस, पण कडेला लाल राहिलं होतं."

मी विचारलं, "मग त्याच दिवशी तू गोळ्या परत का नाही सुरू केल्यास गं?"

"मला वाटलं माझीच नजर चुकली." श्वास घ्यायला थांबली. "ताई माझ्याशी खोटं बोलेल एक वेळ. देवासमोर उभी राहून नाही बोलणार."

मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर म्हणते, "त्या दिवशी मंडपात मी इतकी रडले. आयुष्यात तेवढी कधी भजले नव्हते. ते कुठे गेलं असेल गं?"

मी तिचे पाय धरले. तिने ते ओढून घेतले, होती नव्हती तेवढी ताकद लावून. "माझे पाय धरून काय होणार? जिथे बोललीस तिथेच जाऊन बोल."

त्यानंतर सतरा दिवस ती जगली. माझ्या हातून पाणी घ्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. आजीला सुट्टी मिळाली, जाताना ती तापीच्या पाण्याची बाटली एस्तेरच्या उशाशी ठेवून गेली. एस्तेरने त्यातलं दोन घोट पाणी प्यायलं. त्या वॉर्डात तिच्याशी एवढं चांगलं कोणी वागलं असेल तर ती आजीच.

मातीवर

कबरीजवळ पास्टर म्हणाले, बहीण एस्तेर विश्वासात झोपी गेली. आई मान हलवत होती. तिला तेवढाच आधार होता. मग सगळे माझ्याकडे वळले. गीत कोण सांगणार? मीच.

आणि मी सांगितलं. तिसऱ्या कडव्याला वरचा सूर असा लागला की मंडळीतल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. फुप्फुसं साफ झाली होती ना माझी! नंतर एक जण म्हणाली, "रमिला, आज तू खरी आराधना केलीस." मला तिथेच ओकारी आली. लोकांना वाटलं दुःखाने आली.

खरी आराधना म्हणजे काय, यावर मी बारा वर्षं बायकांच्या सभेत बोलत आले. मनापासून गा, डोळे मिटा, जगाला विसरा, असलं सांगायची. आता विचाराल तर मला एवढंच सांगता येईल की हात वर केल्याने, रडल्याने काही कळत नाही. मीही रडत होते, एस्तेरही रडत होती. शेजारी शेजारी बसवलं असतं तर देवालाच फरक कळला असता. त्या सगळ्या महिन्यांत मी एकच खरी गोष्ट केली. शेडच्या मागे, फुटक्या अंड्यांच्या वासात, रोज एक घोट पाण्याबरोबर कबूल केलं की मी आजारी आहे आणि मला जगायचंय. तीच माझी आराधना होती आणि तीच मी चोरून केली. उघड्यावर जे केलं ते सगळं लोकांसाठी होतं.

तोच मंडप

पुढच्या दिवाळीला, सभेच्या आदल्या दिवशी, मी पास्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला त्याच दिवशी शंका आली होती, रमिला. मंडप उभा राहिला होता, म्हणून मी विचारलं नाही." त्यांनी समोरचं शास्त्र मिटून ठेवलं. "बोल. मी तुझ्या शेजारी उभा राहतो."

उभे राहिले ते. पण जरा लांब.

या वेळी मी रडले नाही. आधीच ठरवलं होतं की रडायचं नाही, आवाज कापरा करायचा नाही. मी सांगितलं: मागच्या वर्षी इथे उभी राहून मी देवाच्या नावाने खोटं बोलले. देव मला काही म्हणाला नव्हता. नदीत मी काही सोडलं नव्हतं. सहा महिने गोळ्या खाऊन मी बरी झाले. माझ्या बहिणीने माझं ऐकून तिच्या सोडल्या आणि ती मेली. तुमच्यापैकी कोणी सोडल्या असतील तर उद्या सकाळी दवाखान्यात जा.

"हालेलुया" कोणी म्हटलं नाही, शिवीही कोणी दिली नाही. ढोलकवाला ढोलकाच्या दोऱ्या आवळत बसला. मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "आणि आमच्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवत होती ही!"

तेवढ्यात पुढच्या ओळीतून आई उठली. तिने रूथचा हात धरला आणि बायकांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. मी माइक ठेवून मागे धावले. पाण्याच्या टाकीजवळ ती उभी होती. मी "आई" म्हटलं तशी वळली.

"त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हालेलुया मी म्हटलं होतं," म्हणाली. "एस्तेरने मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं. मी तिला मान हलवून हो म्हटलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

गीतं आता दुसरी बाई सांगते. मी मागे, चपलांजवळ बसते. दोन बायका सभेनंतरच्या आठवड्यात गोळ्या परत सुरू करायला गेल्या, असं आशाताईने सांगितलं. त्यांची नावं तिने सांगितली नाहीत. बरंच केलं.

उघड

रूथला रोग झालेला नाही, पण होऊ नये म्हणून गोळ्या सुरू आहेत. त्या आई देते. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी माहेरच्या ओट्यावर जाऊन बसते. आई हाकलत नाही, ये म्हणत नाही. मी गोळीची पट्टी उचलायला गेले तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. मग मी नुसती बसते.

परवा आईने रूथला गोळी दिली, वर पाणी दिलं आणि म्हणाली, "उघड. जीभ वर कर." बोट घालून दोन्ही गाल बघितले. रूथने मग माझ्याकडे बोट केलं. "आजी, मावशीचं पण बघ."

मी म्हटलं, "माझ्या संपल्या गं." आई माझ्याकडे वळली. सभेपासून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

"उघड," म्हणाली.

मी तोंड उघडलं. जीभ वर केली. आई वाकली आणि आत बघत राहिली, आधी एक गाल, मग दुसरा, मग जिभेखाली. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. रूथ शेजारी उभी राहून तीही बघत होती. माझे जबडे दुखायला लागले तरी मी मिटलं नाही.

"मिट," आई म्हणाली आणि रूथला घेऊन आत गेली.